यादी, ग्रामसभा आणि गावाचे मन

(ग्रामपंचायतीच्या नवनिर्वाचित पदाधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



ग्रामपंचायतीच्या कारभाराचा विचार निघाला म्हणजे घरपट्टी, दिवाबत्ती, पाणीपुरवठा, गटारे आणि रस्ते यांचा ऊहापोह पुष्कळ होतो. ज्या कामात गावाचा खरा कस लागतो ते काम मात्र बहुधा चर्चेबाहेर राहते. ते काम म्हणजे यादी करणे. घरकुलाची यादी, निराधारांची यादी, स्वस्त धान्याच्या पात्र कुटुंबांची यादी, शिलाई यंत्रांची यादी. रस्ता झाला तर त्यावरून सारा गाव चालतो. घरकुल मात्र एकाचेच होते आणि शेजारचे घर गळतच राहते. रस्त्याच्या ठरावाला हात वर करणे सोपे असते. शेजाऱ्याच्या देखत शेजाऱ्याचे दारिद्र्य मोजणे आणि तो दुसऱ्यापेक्षा कमी गरीब आहे असे त्याच्या तोंडावर सांगणे फार कठीण असते. कल्याणकारी राज्याची कल्पना दिल्ली-मुंबईच्या सभागृहांत कितीही विस्ताराने मांडली गेली असली, तरी तिची अखेरची परीक्षा समाजमंदिराच्या सतरंजीवर होते.

गावाने गावातल्याच माणसांना धान्य देण्याची रीत कायद्याहून पुष्कळ जुनी आहे. खळ्यावर रास झाली म्हणजे सुतार, लोहार, न्हावी, परीट, महार असे बलुतेदार आपापला वाटा नेत असत, आणि त्या वाट्याला ‘हक्क’ असाच शब्द होता. परंतु हा हक्क खळ्याच्या कडेला उभे राहून, मालकाच्या हाताकडे पाहत घ्यावा लागे. हक्क होता, मान नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले, ते महार वतनदारांना या बांधिलकीतून मोकळे करण्यासाठीच. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली. वतने गेली, पण देणाऱ्याने वर राहावयाचे आणि घेणाऱ्याने खाली पाहावयाचे, ही सवय कायद्याच्या एका कलमाने जाणारी नव्हती. शासनाच्या योजना गावात आल्या त्या याच सवयीच्या जमिनीवर. म्हणूनच अंमलदारापुढे ‘सरकार मायबाप’ म्हणून हात जोडणारा म्हातारा आणि ‘आपल्या माणसाला’ योजना मिळवून देणारा पुढारी, ही दोन्ही माणसे एकाच परंपरेतली आहेत.

या परंपरेला पहिला मोठा धक्का दिला तो 1972 च्या दुष्काळाने. दुष्काळी कामे महाराष्ट्राला नवी नव्हती. इंग्रजी अमदानीतही, 1876 ते 1878 च्या आणि 1896-97 च्या दुष्काळांत, खडी फोडून लोकांनी जीव जगविले होते. परंतु 1972-73 मध्ये कामावर आलेल्यांची संख्या पूर्वीच्या कल्पनेत बसणारी नव्हती. 1973 च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. त्यांत भूमिहीन मजूर होते तसेच वीस-पंचवीस एकरांचे कोरडवाहू शेतकरीही होते. ज्याच्या शेतावर एरवी दहा माणसे राबत, तो त्याच दहा माणसांच्या ओळीत हातोडी घेऊन बसला. सुकडीच्या वाटपासाठी त्याची मुलेही रांगेत उभी राहिली आणि लाल मिलोची भाकरी त्याच्याही घरात भाजली गेली. त्या वर्षाने गावाला एक गोष्ट शिकविली. हात पसरण्याची पाळी कोणावरही येऊ शकते, आणि काम मागणे म्हणजे हात पसरणे नव्हे.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेला या अनुभवाचे बळ मिळाले. 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात या कल्पनेचा लहानसा प्रयोग झाला होता. 1972 मध्ये रोजगार हमी योजना राज्यापुढे आली. तिच्यासाठी शहरातील नोकरदार व व्यावसायिकांवर 1975 मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. 1977 मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अंमलात आला. काम मागणाऱ्या प्रौढ माणसास 15 दिवसांच्या आत काम द्यावयाचे आणि न दिल्यास बेकारभत्ता द्यावयाचा, असे राज्याने स्वतःवर बंधन घालून घेतले. पुढे 2005 मध्ये संसदेने साऱ्या देशासाठी कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

या योजनेचे एक वैशिष्ट्य पंचायतीच्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. तिला गरिबांची यादी लागत नव्हती. मे महिन्याच्या उन्हात नाला बांधावर माती टाकावयास जो येईल तो गरजू, एवढा साधा हिशेब होता. गावातल्या कोणालाही दुसऱ्याच्या गरिबीवर निवाडा द्यावा लागत नव्हता. निवाडा हजेरीपत्रकच देत होते. या हजेरीपत्रकातही खोटी नावे घुसत, मजुरी थकत असे आणि मुकादमाची मर्जी सांभाळावी लागे, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही मजूर आणि पंचायत यांच्यातील संबंधाचे स्वरूप बदलले. काम मागण्याचा नमुना 4 भरून दिला आणि त्याची तारीख घातलेली पोच हातात घेतली, की मागणाऱ्याच्या बाजूने कायदा उभा राहत असे. ज्या गावांत पोच देण्याची टाळाटाळ झाली तेथे तीच गोष्ट पुन्हा मेहेरबानीच्या पातळीवर आली. एका कागदाच्या तुकड्याने एवढा फरक पडावा, हे कचेरीत बसणाऱ्यांना सहसा कळत नाही. ज्याच्या हातात तो तुकडा नसतो त्याला मात्र फार लवकर कळते.

पण ज्यांना माती उचलता येत नाही त्यांचे काय? वृद्ध, अपंग, परित्यक्ता, दुर्धर आजाराने अंथरुणास खिळलेली माणसे यांना कामाची हमी देऊन उपयोग नाही. त्यांच्यासाठी 1980 मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. राहावयास घर नसलेल्यांसाठी घरकुलाच्या योजना आल्या. या योजना हजेरीपत्रकावर चालत नाहीत. येथे निवड अटळ आहे. निवड आली म्हणजे निकष आले आणि निकषांमागोमाग यादी आली.

निकषांचा इतिहासही उद्बोधक आहे. 1 मे 1999 पासून राज्यात तीन रंगांच्या शिधापत्रिका सुरू झाल्या: पिवळी, केशरी आणि पांढरी. 2002 च्या दारिद्र्यरेषेच्या सर्वेक्षणात प्रत्येक कुटुंबास 13 बाबींवर प्रत्येकी 0 ते 4, असे एकूण 52 पैकी गुण दिले गेले. जमीन किती, घर कसे, माणशी वस्त्रे किती, घरात पंखा किंवा दूरदर्शन संच आहे काय, दोन वेळचे जेवण मिळते काय, अशा प्रश्नांतून माणसाची गरिबी गुणपत्रिकेवर उतरविण्यात आली. शाळेत कमी गुण पडले म्हणून वाईट वाटते. येथे गुण जास्त पडले म्हणून घरात सुतक पडले. 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणात दुचाकी, शीतकपाट किंवा घरी दूरध्वनी असलेली कुटुंबे आपोआप वगळण्यात आली. कागदावर हे रास्तच दिसते. परंतु मजुरीच्या शोधात रोज वीस किलोमीटर जाणाऱ्या गवंड्याने हप्त्यावर घेतलेली जुनी मोटारसायकल ही त्याची श्रीमंती नसून त्याचे अवजार असते. हे ध्यानात यावयास वेळ लागला. 2024 मध्ये घरकुलासाठी या अटी शिथिल करण्यात आल्या. दूर अंतरावरून ठरविलेले निकष कितीही काळजीपूर्वक केले तरी त्यांना गावातील एकेक घर दिसत नाही. ते घर दिसते फक्त गावाला. म्हणून कायद्याने हा अधिकार अखेर गावाकडे दिला.

1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमातील सुधारणांनी वैयक्तिक लाभाच्या योजनांसाठी निवड करण्याचे काम ग्रामसभेकडे आले. अनुसूचित क्षेत्रांसाठी 1996 च्या पेसा कायद्याने तर लाभार्थी निवडणे ही ग्रामसभेची जबाबदारीच ठरविली. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत सर्वेक्षणाची यादी ग्रामसभेपुढे ठेवून अपात्र नावे वगळण्याची आणि क्रम लावण्याची तरतूद झाली. जी कुटुंबे मूळ सर्वेक्षणातच सुटली होती त्यांच्यासाठी 2018 मध्ये ‘आवास प्लस’ हे वेगळे सर्वेक्षण हाती घ्यावे लागले. अधिकार आहे तो एवढा. आता तो वापरला कसा जातो?

एखाद्या मध्यम लोकवस्तीच्या गावातील ग्रामसभा डोळ्यांपुढे आणावी. सकाळी ध्वजवंदन झाले, मुले खाऊ घेऊन घरी गेली. सभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल तेवढी. तितकी माणसे जमत नाहीत. सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नसल्यामुळे पुढे वीस-पंचवीस माणसांत ती पार पडते. यादी वाचली जाते. तिसरे नाव येते ते ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे त्याच्या धाकट्या भावाचे, कारण शिधापत्रिका विभक्त केलेली आहे. सर्वांना ठाऊक असते आणि कोणीही बोलत नाही. बोलावे कोणी? एक त्याच्या भावकीतला, दुसरा त्याच्या विहिरीवरून पाणी घेणारा, तिसऱ्याची बायको उद्या त्याच्याच शेतावर खुरपणीस जाणार. दाराजवळ वस्तीवरची एक विधवा डोक्यावरचा पदर सावरीत उभी असते. तिच्या नावाचा क्रमांक त्रेचाळीसावा आहे की तिचे नाव यादीतच नाही, हे तिला कोणी सांगितलेले नसते. ‘सर्वानुमते मंजूर’ असे इतिवृत्तात लिहिले जाते. या ‘सर्वानुमते’मध्ये किती जणांचे मौन जमा आहे, हे इतिवृत्तावरून कधीही कळत नाही.

या मौनाला भित्रेपणा म्हणून झटकून टाकणे हा गावावर अन्याय होईल. शहरात एखाद्या कचेरीविरुद्ध तक्रार करणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्या कारकुनाच्या शेजारी राहावयास जात नाही. गावात आक्षेप घेणाऱ्याला पुढची चाळीस वर्षे त्याच माणसाबरोबर लग्नकार्ये आणि मर्तिके निभवावयाची असतात. म्हणून आक्षेप घेण्याचा सारा भार एकेका व्यक्तीच्या धैर्यावर टाकून चालत नाही. तो भार पद्धतीने उचलला पाहिजे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने बहुमताऐवजी सर्वसहमतीचा मार्ग धरला. अभ्यासगटांतून प्रश्नाची आधी पुरेशी चर्चा व्हावयाची आणि सर्वांची संमती होईपर्यंत निर्णय थांबवावयाचा. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाण्याचा वार्षिक ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडण्याचा आणि त्यानुसार पिके ठरविण्याचा प्रघात पाडला. तेथे पाण्याचा हिशेब उघड्यावर आल्यावर कोणी किती उपसा करतो हे चारचौघांत बोलणे अपमानाचे राहिले नाही. ही दोन्ही गावे नेहमीच उदाहरणादाखल सांगितली जातात आणि इतर गावे ती ऐकून कंटाळली आहेत, हेही खरे. परंतु त्यांच्यापासून घेण्याजोगी गोष्ट आदर्शपणाची नसून सवयीची आहे. जेथे लहानसहान हिशेब वर्षभर उघडपणे वाचले जातात तेथे घरकुलाची यादी वाचतानाही जिभा जड होत नाहीत.

या संदर्भात ‘लाभार्थी’ या शब्दाकडेही थोडे पाहण्यासारखे आहे. मजूर, कारागीर, शेतकरी ही नावे माणसाच्या कामावरून पडली. ‘लाभार्थी’ हे नाव त्याच्या इच्छेवरून पडले. विद्येची इच्छा धरणारा तो विद्यार्थी, तसा लाभाची इच्छा धरणारा तो लाभार्थी. शासकीय परिभाषेत हा शब्द आता इतका रुळला आहे की तो टाळणे शक्य नाही. पण तो सर्वांना सारखा लावला जात नाही, ही लक्षात घेण्याजोगी बाब आहे. 2008 च्या, 2017 च्या आणि 2019 च्या कर्जमाफीत ज्यांची खाती बेबाक झाली त्यांना गावात कोणी ‘फुकटे’ म्हटले नाही, आणि म्हणूही नये; कारण शेतीवरचे अरिष्ट त्यांनी ओढवून घेतलेले नव्हते. मग स्वस्त धान्य दुकानाच्या रांगेतल्या बाईलाच तो शब्द का?

‘फुकट धान्याने माणसे आळशी झाली, कामाला मजूर मिळत नाहीत’ हे वाक्य पारावर वारंवार ऐकू येते. ते रागाने धुडकावण्यापेक्षा त्याचा हिशेब करावा. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबास दरमहा माणशी 5 किलो धान्य मिळते; गहू 2 रुपये आणि तांदूळ 3 रुपये किलो असा दर होता, तो 1 जानेवारी 2023 पासून माफ झाला. 5 किलोंचे दिवसाला सुमारे 165 ग्रॅम होतात. फार तर दोन भाकरींच्या पिठाइतके. एवढ्यावर कष्टाची सवय सुटण्याइतके कोणाचे पोट भरत नाही. मजुराच्या वागण्यात फरक पडला असेल तर तो एवढाच, की पूर्वी आषाढात घरातले दाणे संपले म्हणजे मिळेल त्या मजुरीवर जावे लागे, आता त्याला एक-दोन दिवस थांबून दर विचारता येतो. शेतमालकाला हे खटकणे स्वाभाविक आहे, आणि कोरडवाहू शेतमालकाची स्वतःचीच मिळकत बेभरवशाची असताना त्याच्या तक्रारीत काही तथ्य नाही असेही नाही. तथापि ती तक्रार शेतमालाच्या भावाची आहे. ती मजुराच्या शिध्यावर काढणे योग्य नव्हे.

आणखी एक प्रथा येथेच नमूद केली पाहिजे. काही गावांत घरपट्टी थकली म्हणून रहिवासाचा किंवा अन्य दाखला अडवून ठेवला जातो. ग्रामपंचायतीची वसुली व्हावयास हवी, हे निर्विवाद. ज्या गावात घरपट्टी आणि पाणीपट्टी भरली जात नाही तेथे पंचायत वर्षभर वरून येणाऱ्या निधीकडे डोळे लावून बसते, आणि जी पंचायत स्वतः आश्रितासारखी वागते ती गावकऱ्यांना हक्काची भाषा काय शिकविणार? परंतु वसुलीची वाट वेगळी आहे. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत देणे बंधनकारक केले आहे. दोनशे रुपयांच्या थकबाकीपायी निराधार वृद्धेचे प्रकरण महिनोन्महिने थांबले तर पंचायतीची तिजोरी भरत नाही. त्या वृद्धेचे अनुदान तेवढे बुडते. मोठ्या थकबाकीदारांची नावे फलकावर लावण्याचे धाडस मात्र फारच थोड्या पंचायती करतात.

स्त्रियांचा प्रश्न यातच गुंतलेला आहे. 1993 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश आणि 2011 पासून राज्यात निम्म्या जागा स्त्रियांकडे आल्या. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. बहुतेक ठिकाणी ती कागदावर उरकली जाते, आणि हे मोठे नुकसान आहे. कारण कोणाच्या घरी चूल दोनदा पेटते आणि कोणाच्या घरी एकदा, याची माहिती कोणत्याही सर्वेक्षकापेक्षा शेजारणीला अधिक असते. 2024 मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरताना गावोगावच्या अंगणवाडी सेविकांच्या भोवती ज्या रांगा लागल्या, त्यांत ग्रामसभेचे तोंडही न पाहिलेल्या शेकडो स्त्रिया होत्या. पैशासाठी त्या आल्या यात कमीपणा काही नाही. त्याच स्त्रियांना महिला सभेची तारीख, वेळ आणि विषय आठ दिवस आधी वस्तीवर जाऊन सांगितले, तर त्या तेथेही येतील की नाही, हे पाहण्यासारखे आहे.

वस्तीवर जाऊन सांगणे ही गोष्ट क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. सूचनाफलकावर चिकटविलेला कागद पावसाने भिजतो आणि भ्रमणध्वनीवरील संदेश ज्याच्याकडे तो यंत्र आहे त्यालाच मिळतो. दवंडीची जुनी रीत अजून अनेक गावांत चालू आहे. ध्वनिक्षेपकावरून का होईना, पण ती गावठाणाबाहेरच्या वाड्या-वस्त्या, तांडे आणि पाडे येथवर पोहोचली पाहिजे. यादी सभेत वाचण्यापूर्वी आठ दिवस त्या-त्या वस्तीवर वाचून दाखविली, आणि आक्षेप घेणाऱ्याने चारचौघांत उभे राहण्याऐवजी लेखी दिला तरी तो नोंदवून त्याचे उत्तर सभेत वाचले, तर दाराजवळच्या त्या बाईला निदान आपला क्रमांक कळेल. नाव वगळले असेल तर ‘बसत नाही’ एवढ्याने तिची बोळवण न करता कोणत्या निकषावर वगळले ते लिहून द्यावे. ज्यांना गाव आजही ग्रामसेवक म्हणते, त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना याने थोडे काम वाढेल. परंतु नंतरच्या तक्रारींच्या चौकशीस लागणाऱ्या वेळापेक्षा ते निश्चित कमी असेल.

आणि आता तारखांविषयी. ग्रामसभा सामान्यतः 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. बीड जिल्ह्यातील आणि लगतच्या डोंगरपट्ट्यातील गावांचा याबाबतीत वेगळा विचार करावयास हवा. तेथील हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. 2 ऑक्टोबरला त्यांची गाठोडी बांधली जात असतात. 26 जानेवारीला नवरा-बायकोचा कोयता पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कुठल्या तरी फडात असतो आणि मुले कोपीच्या दाराशी खेळत असतात. गावातील सर्वांत गरजू कुटुंबे ज्या काळात गावात नसतात, नेमक्या त्याच काळात घराला कुलूप म्हणून सर्वेक्षक परत फिरतो आणि यादीला मंजुरी मिळते. अशा गावांनी घरकुलाची आणि निराधारांची यादी 26 जानेवारीच्या सभेत अंतिम करू नये. ती 1 मेच्या सभेपुढे पुन्हा ठेवावी, आणि त्या सभेची वेळ दुपारच्या उन्हाची न ठेवता संध्याकाळची ठेवावी. त्या सुमारास बैलगाड्या आणि ट्रॅक्टर गावात आलेले असतात, कोयते माळ्यावर गेलेले असतात आणि टोळीतली माणसे घरी असतात.